खिडकीबाहेरचं रान : वाचकांचे प्रश्न

मोठ्या शहरात राहून झाडं, पाखरं, किडे-फुलपाखरं कशी पाहावीत, आणि त्यांच्यासाठी घरी काय करता येईल, याबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ज्यांचं उत्तर थोडक्यात होतं, ते थोडक्यातच दिलं आहे.

प्रश्न : घरापासून पाच मिनिटांवर बाग आहे. महिनाभर रोज संध्याकाळी दोन-तीन फेऱ्या मारतो, पण कावळे आणि कबुतरं सोडून काही दिसत नाही. या बागेत दुसरं काही नाहीच, असं समजायचं का?

उत्तर : फेऱ्या मारता, तिथेच गोम आहे. चालणारा माणूस पाखरांना लांबूनच दिसतो आणि ती त्याच्या पुढे पुढे सरकत राहतात. तुम्ही बागभर फिरता, पण दर वेळी नुकत्याच रिकाम्या झालेल्या जागेत पोचता. एका जागी बसा. पहिली पाच-सात मिनिटं काहीच घडत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आजूबाजूचे पक्षी तुमची दखल घेणं सोडून देतात आणि आपापल्या कामाला लागतात. बहुतेक जण दहाव्या मिनिटाला कंटाळून उठतात, म्हणून त्यांना बाग रिकामी वाटते.

बसायचं कुठे, हे त्याहून महत्त्वाचं. कातरलेली हिरवळ दिसायला छान, पण तिथे लपायला जागा नाही आणि खायलाही फारसं काही नाही. काठ शोधा : झाडी संपून गवत सुरू होतं ती कड, तळ्याचा चिखलाचा किनारा, न छाटलेलं कुंपण, आणि माळी जिथे पालापाचोळा टाकतो तो कोपरा. बागेतली सगळ्यात गबाळी जागा हीच बहुधा सगळ्यात भरलेली जागा असते. झाडाच्या बुंध्याला टेकून बसलात तर तुमची आकृती उठून दिसत नाही. सकाळी पूर्वेकडे पाठ करून बसा. उन्हाकडे तोंड असेल तर समोरचा प्रत्येक पक्षी काळाच दिसतो आणि नुसत्या आकारावरून ओळख पटवणं नवख्याला जमत नाही.

वेळ बदला. सूर्योदयापासून दोन तासांत जे दिसतं, ते संध्याकाळच्या गर्दीत दिसत नाही. पाखरं रात्रभर उपाशी असतात, त्यामुळे पहाटे खाण्याची घाई असते. शिवाय माणसं, कुत्री आणि वाहनं तेव्हा कमी असतात. वाहनांचा मुद्दा वाटतो तितका किरकोळ नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या छोट्या पक्ष्याच्या गाण्यावर झालेलं एक संशोधन 2003 साली प्रसिद्ध झालं. शहराच्या गोंगाटी भागातले नर गाण्यातले खालचे सूर टाळून वरच्या पट्टीत गातात, असं त्यात आढळलं. रहदारीची घरघर खालच्या पट्टीतली असते आणि खालचे सूर तिच्यात बुडतात. तुमच्या कानांचीही तीच अडचण आहे. रस्त्यापासून आत सरकलात, मधे एखादी भिंत किंवा इमारत आली, की ऐकू येणाऱ्या आवाजांची संख्या लगेच वाढते. आवाज आधी, पक्षी नंतर, हा क्रम लक्षात ठेवा.

नजर फिरवण्याचीही रीत आहे. पान न् पान तपासत बसू नका. नजर सैल सोडा आणि हालचाल टिपा, थरांप्रमाणे : जमीन, झुडपं, खोड, शेंडा, आकाश. जमिनीवर पाचोळा उलटणारे पक्षी वेगळे, खोडावर चढणारे सुतारपक्षी वेगळे, पानांतले किडे वेचणारे वटवटे वेगळे. आकाशाकडे तर कोणी बघतच नाही. दुपारी ऊन तापलं की वर चढणाऱ्या गरम हवेवर घारी पंख न हलवता गिरक्या घेत असतात. आणि सध्या कोणतं झाड फुललंय, कोणतं फळलंय, याची माहिती ठेवा. फळांनी लगडलेला वड किंवा पिंपळ असला तर बाकीची बाग सोडून दिली तरी चालेल.

कावळ्यांबद्दल जरा आदरानं बोलावं. पाच-सहा कावळे एकाच फांदीभोवती कर्कश ओरडत झेपा टाकत असतील, तर तिथे घुबड किंवा ससाणा बसलेला असण्याची दाट शक्यता असते. फुकटचा वाटाड्या आहे तो.

प्रश्न : दुर्बीण घ्यायची आहे. 20 पट मोठं दाखवणारी छोटी झूमची दुर्बीण आणि 8 × 42 अशी मोठी, यांत गोंधळ होतोय.

उत्तर : 8 × 42 घ्या. पहिला आकडा म्हणजे किती पट जवळ दिसतं तो, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते : 42 ÷ 8, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. पहाटे आणि दाट सावलीत आपली बाहुली जवळपास तेवढी उघडते, म्हणून चित्र उजळ राहतं. 20 × 25 मध्ये हाच झोत जेमतेम सव्वा मिलिमीटर उरतो. चित्र अंधारतं, हाताचा कंप वीसपट दिसतो, आणि दिसणारा पट्टा इतका अरुंद होतो की पक्षी सापडेपर्यंत उडून जातो. झूमच्या दुर्बिणीत तर दोन्ही बाजू कायम जुळलेल्या राहणंच अवघड; थोडा फरक पडला की दहा मिनिटांत डोकं दुखतं. वजन नको असेल तर 8 × 32 चालेल.

घेताना आणखी दोन आकडे विचारा. सर्वांत जवळचं फोकस 2 मीटर किंवा त्याहून कमी असेल तर फुलपाखरं आणि चतुरही पाहता येतात. चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर, किमान 15 मिलिमीटर हवं, आणि बघताना डोळ्यांकडचे रबरी कप आत फिरवून ठेवायचे.

आता जुळवणी. ही न केल्यामुळे चांगली दुर्बीणही धूसर वाटते. आधी दोन्ही नळ्या उघड-मीट करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा. वीस-तीस मीटरवरची एखादी पाटी निवडा. उजवं पुढचं भिंग हातानं झाका आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्यानं अक्षरं स्वच्छ करा. मग डावं भिंग झाका, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याजवळची डायॉप्टरची (फक्त त्या डोळ्याचा फोकस जुळवणारी) कडी फिरवून तीच अक्षरं स्वच्छ करा. कडीवरची खूण कुठे आली ते बघून ठेवा. काही दुर्बिणींत ही कडी डावीकडे असते. तेव्हा क्रम उलटा. यापुढे फक्त मधलं चाक. आणि पक्षी शोधताना नजर पक्ष्यावरून हलवू नका. दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आधी दुर्बीण लावून मग फांद्यांत शोधणारा शोधतच राहतो.

प्रश्न : सातव्या मजल्यावर गॅलरी आहे. पक्ष्यांसाठी दाणे ठेवावेत की पाणी? डासांची आणि कबुतरांची भीती वाटते.

उत्तर : पाणी. शहरात खाणं कुठे ना कुठे मिळतं, स्वच्छ उथळ पाणी मिळत नाही. शिवाय दाण्यांवर फक्त दाणे खाणारे येतात. पाण्यावर किडेखाऊ आणि फळखाऊ पक्षीही येतात.

भांडं 30 ते 40 सेंटिमीटर रुंद, खडबडीत मातीचं किंवा सिमेंटचं. खोली कडेला अडीच आणि मध्यात जास्तीत जास्त पाच सेंटिमीटर. गुळगुळीत काचकाम असलेल्या भांड्यात पाय घसरतात आणि छोटे पक्षी काठावरूनच परततात. मध्ये एक चपटा दगड ठेवला की काम होतं. बादली किंवा खोल पातेलं ठेवू नका, पिल्लं आणि खारी बुडतात.

डासांना उबदार हवेत अंड्यापासून उडण्यापर्यंत साधारण सात ते दहा दिवस लागतात. रोज पाणी बदललं तर अळी मोठी होण्याचा प्रश्नच नाही. पण नुसतं पाणी ओतून पुन्हा भरणं पुरत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या ओल्या भिंतीला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडूनही काही महिने जिवंत राहतात. म्हणून ब्रशनं भिंत खरवडा. साबण नको; त्याचा अंश पिसांवरचं तेल घालवतो.

दाण्यांबाबत स्पष्ट सांगायचं तर उंच इमारतीच्या गॅलरीत दाणे म्हणजे कबुतरांना आमंत्रण. ती थव्यानं येतात, छोट्या पक्ष्यांना टिकू देत नाहीत, आणि विष्ठेच्या वाळलेल्या धुळीतून श्वासाचे आजार होऊ शकतात. दीर्घ संपर्कानं फुफ्फुसांना कायमची इजा झाल्याची उदाहरणं आहेत. साचलेली विष्ठा कोरडी झाडू नका. पाणी मारून ओली करा, एन-95 मास्क लावा आणि मग खरवडा. खाली तळमजल्यावर बाग असेल आणि दाण्यांची नळी टांगायचीच असेल, तर दिवसभरात संपेल एवढंच भरा आणि दर आठवड्याला धुवा : एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून ठेवा, स्वच्छ खळबळून पूर्ण वाळवा. फुगून बसलेला, डोळे मिटणारा, जवळ गेलं तरी न उडणारा पक्षी दिसला तर दोन आठवडे खाणं बंद. एकाच ताटावर जमणाऱ्या पाखरांत आजार झपाट्यानं पसरतो. आणि पाव कोणालाच नको, बदकांनाही नको. पोट भरतं, पोषण होत नाही, आणि उरलेला पाण्यात कुजतो.

प्रश्न : दिवाणखान्याच्या मोठ्या काचेवर पक्षी आपटून मरतात. ससाण्याच्या आकाराचं एक काळं स्टिकर लावलं, काही फरक पडला नाही.

उत्तर : पडणारच नाही. पक्षी त्या स्टिकरला घाबरत नाहीत, फक्त तेवढी जागा टाळून शेजारच्या मोकळ्या काचेवर धडकतात. त्यांना काच दिसत नाही, काचेतलं झाड आणि आकाश दिसतं. अमेरिकेत इमारतींवर आपटून दरवर्षी 36 कोटी ते 98 कोटींच्या घरात पक्षी मरत असावेत, असा अंदाज 2014 मध्ये मांडला गेला. त्यातला मोठा वाटा एक ते तीन मजली साध्या घरांचा होता, गगनचुंबी इमारतींचा नव्हे.

उपाय अंतराचा आहे. काचेवर ठिपके किंवा रेषा अशा हव्यात की दोहोंमध्ये उभं-आडवं 5 सेंटिमीटरपेक्षा जास्त मोकळी जागा राहणार नाही. ठिपका किमान 6 मिलिमीटर व्यासाचा, रेषा किमान 3 मिलिमीटर जाड. हे सगळं काचेच्या बाहेरच्या बाजूला, कारण प्रतिबिंब बाहेरच्या पृष्ठभागावर पडतं. आतून लावलेलं त्या प्रतिबिंबामागे लपून जातं. सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे बाहेरून ताणून बसवलेली जाळी, काचेपासून सात-आठ सेंटिमीटर पुढे. ताण सैल पडला की तीत पक्षी अडकतो, म्हणून महिन्यातून एकदा तपासा. पाण्याचं भांडं काचेजवळ असेल तर ते एक मीटरच्या आत आणा. तिथून उडालेल्या पक्ष्याला जीवघेणा वेग घेता येत नाही. काही मीटरचं अंतर जास्त धोक्याचं.

आपटून खाली पडलेला पक्षी हवेची भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, तळाशी कापड, झाकण बंद, जागा शांत. पाणी पाजू नका, खाऊ घालू नका, दर पाच मिनिटांनी उघडून बघू नका. तास-दोन तासांनी खोकं बाहेर नेऊन उघडा. उडाला तर ठीक, नाही तर वन्यजीव उपचार केंद्र गाठायचं.

तोच पक्षी रोज येऊन काचेवर चोची मारत असेल, तर तो प्रकार वेगळा. विणीच्या हंगामात तो प्रतिबिंबाला प्रतिस्पर्धी समजून भांडतोय. तेवढा भाग बाहेरून कागदानं झाका. काही आठवड्यांत जोर ओसरतो.

प्रश्न : कुंड्यांत फुलझाडं भरपूर आहेत, फुलपाखरं येतात पण थांबत नाहीत. का?

उत्तर : फुलं म्हणजे खाणावळ, आणि खाणावळीत कोणी मुक्काम करत नाही. मादीला अंडी घालायला सुरवंटाचं झाड लागतं आणि ते बहुतेक जातींचं अगदी ठरलेलं असतं. लिंबू-संत्र्याच्या कुळातलं एक रोप 12 ते 14 इंची कुंडीत लावा, चार-पाच तास ऊन मिळू द्या. स्वालोटेल गटातली काही फुलपाखरं कोवळ्या पानावर मोत्यासारखं एकच अंडं घालून जातात. सुरवंट सुरुवातीला हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखा दिसतो, म्हणून बरेच जण तो पुसून टाकतात! शेवटच्या टप्प्यात तो हिरवा होतो, आणि डिवचला तर डोक्यामागून दुबेळक्यासारखं एक वास मारणारं अंग बाहेर काढतो. रुई लावायला जागा असेल तर प्लेन टायगर हे फुलपाखरू येतं. रुईचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पानं कुरतडली जाणार, हे आधीच मान्य करा. छोट्या रोपावर तीन-चार मोठे सुरवंट आठवड्यात पाला साफ करतात, म्हणून एकाच जातीची दोन-तीन रोपं ठेवावीत. कोश करायची वेळ आली की सुरवंट झाड सोडून भिंतीवर, कठड्यावर जातो. तो हरवला असं समजून त्याला उचलून परत पानावर ठेवू नका.

सगळं करूनही सुरवंट काळे पडून मरत असतील, तर रोपवाटिकेवर संशय घ्या. मुळांवाटे झाडभर पसरणारी कीटकनाशकं मारलेली रोपं महिनोन् महिने विषारी राहतात आणि धुऊन काही होत नाही. फवारणी न केलेलं रोप मागा, नाही तर बियांपासून वाढवा.

प्रश्न : रोज जवळच्या बागेत जावं, की आठवड्यातून एकदा शहराबाहेरच्या जंगलात?

उत्तर : इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या माहितीवर आधारलेला एक अभ्यास 2019 मध्ये आला. आठवड्यात एकूण किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत आणि समाधान जास्त चांगलं असल्याचं सांगितलं. ती मिनिटं एकदम घालवली की तुकड्यातुकड्यांत, यानं फरक पडला नाही. अर्थात, धडधाकट माणसंच जास्त बाहेर पडतात, हा आक्षेप अशा अभ्यासाला लागू होतोच. तब्येतीचं सोडा, पाहायला शिकायचं असेल तर मात्र जवळची बाग निःसंशय सरस. एकच जागा वर्षभर पाहिली की कोण कायमचं राहणारं, कोण हंगामी पाहुणं, कोणत्या फांदीवर घरटं, हे कळू लागतं. दहा वेगळ्या जागा एकेकदा पाहून ते कळत नाही.

प्रश्न : मोबाइलवरची ॲप पक्षी आणि झाडं बरोबर ओळखतात का?

उत्तर : सुचवतात, ओळखायचं काम तुमचंच. मर्लिन हे ॲप आवाजावरून पक्ष्याचं नाव सांगतं, पण नकला करणारे पक्षी आणि हॉर्न त्याला चकवतात. नाव आलं की पक्षी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नोंद करू नका. झाडाचा फोटो एकच काढला तर फोटोवरून नाव सुचवणारं आयनॅचरलिस्टही अडखळतं. चार काढा : पूर्ण झाड, खोडाची साल, पानाची खालची बाजू फांदीवरच्या मांडणीसह, आणि फूल किंवा फळ. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपवर यादी देताना सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर हे भरा आणि ओळखता आलेले सगळे पक्षी लिहा, कावळे-कबुतरांसह. फक्त ‘खास’ पक्षी नोंदवलेली यादी संशोधकाला फारशी उपयोगाची नसते, कारण साधे पक्षी कमी होताहेत का, हे तिच्यातून कळत नाही.

घुबडाची ढोली किंवा कोणतंही घरटं असेल तर नेमकी जागा लपवा. आयनॅचरलिस्टवर तशी सोय आहे. समाजमाध्यमांवर ठिकाण टाकलं की कॅमेऱ्यांची रांग लागते आणि जोडी घरटं सोडते. पक्ष्याला बोलावण्यासाठी त्याचाच आवाज वाजवणंही टाळा. विणीच्या काळात नर पिल्लं सोडून नसलेल्या शत्रूच्या मागे धावतो.

प्रश्न : झाडाखाली पिल्लू पडलंय. हात लावला तर आई टाकून देते ना?

उत्तर : नाही, माणसाच्या वासामुळे पक्षी पिल्लू टाकत नाहीत. अंगावर पिसं आली असतील, शेपूट आखूड असेल आणि ते उड्या मारत असेल, तर ते उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं दूर ठेवा, फार तर जवळच्या झुडपात ठेवा आणि लांबून तासभर पाहा. पालक चारायला येतात. उघडंबोडकं असेल तर घरट्यात परत ठेवा. घरटं मोडलं असेल तर तळाला भोकं पाडलेली टोपली सुकं गवत घालून त्याच झाडावर बांधा. चोचीत पाणी ओतू नका. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगेच मागे असतं, पाणी सरळ तिथे जातं.

प्रश्न : रात्री खोलीत वटवाघूळ शिरलं तर?

उत्तर : आतलं दार बंद करा, खिडक्या पूर्ण उघडा, दिवा आणि पंखा बंद करा, बाहेर थांबा. बहुधा काही मिनिटांत ते निघून जातं. उघड्या हातानं धरू नका. चावलं किंवा ओरखडलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा, जखम कितीही बारीक असली तरी.